वर्षाअखेरचे दहा चित्रपट

वर्ष सरतांना हिशेब मांडण्याची खोड मनुष्यमात्राला आहे. व्यापारी आपली खातेवही मिटवितो, शेतकरी खळें आवरतो, आणि चित्रपटांचा जातिवंत रसिक असेल तर तो बारा महिन्यांत पाहिलेल्या चित्रांची मनांतल्या मनांत रांग लावूं लागतो. पहिलें कोणतें, दुसरें कोणतें, अमुक एकाला दहांत जागा द्यावी कीं न द्यावी? एकाच घरांतील दोघां भावांनीं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून तोच खेळ पाहिलेला असतो; पण एकाच्या यादींत जो शिरोभागीं, त्याचें दुसऱ्याच्या यादींत नांवहि नसतें. मग जेवतांना वाद रंगतो, आणि आईला मध्यें पडून तो मिटवावा लागतो. हा सारा पोरखेळ आहे असें प्रौढ माणसें म्हणतात, व त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. तथापि हा पोरखेळ एका देशांत, युद्धकाळांतील खंड सोडल्यास, शंभर वर्षें नेमानें चालत आला आहे, आणि त्याचे कागद जपून ठेवलेले आहेत. तो देश जपान. ते कागद उलगडून पाहिले म्हणजे असें दिसतें कीं, श्रेष्ठ चित्रपट कोणता हें ठरविण्याच्या कामीं या याद्या पुष्कळदां चुकल्या. पण त्या त्या वर्षीं माणसांच्या काळजाला काय भिडलें, याची त्यांच्याइतकी प्रामाणिक साक्ष क्वचितच दुसरीकडे सांपडेल.

सन १९१९ च्या जुलै महिन्यांत टोकियोच्या उच्च तंत्रविद्यालयांतील चार विद्यार्थ्यांनीं ‘किनेमा जुन्पो’ या नांवाचें चार पानांचें पत्र काढलें. तानाका साबुरो हा त्यांतला एक. ‘जुन्पो’ म्हणजे दर दहा दिवसांनीं निघणारें वृत्त. यंत्रविद्या शिकावयास आलेल्या या तरुणांना वेड होतें तें परदेशी मूकपटांचें, आणि पत्रहि आरंभीं त्याच चित्रांना वाहिलेलें होतें. घरचें चित्र त्यांच्या डोळ्यांत अद्याप भरत नव्हतें. नव्या कलेच्या उपासकांत हा दोष बहुधा असतोच.

१९२३ च्या १ सप्टेंबरला टोकियो व योकोहामा या शहरांना भूकंपानें आणि त्यामागून पेटलेल्या आगींनीं उध्वस्त केलें. पत्राला आपलें बिऱ्हाड कांहीं काळ पश्चिमेकडील कान्साई भागांत हलवावें लागलें. आणि आश्चर्य असें कीं, वार्षिक निवडीचा पहिला हिशेब १९२४ सालचा आहे! राजधानी राखेंतून उठत होती, आणि हे लोक चित्रपटांना क्रमांक देत होते. त्या पहिल्या निवडींत केवळ परदेशी चित्रें होतीं, व तींहि दोन पंगतींत बसविलेलीं होतीं: एक पंगत कलेची, दुसरी करमणुकीची. कलेच्या पंगतींत अग्रमान मिळाला चार्ली चॅप्लिन यांच्या ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ या चित्राला, आणि करमणुकीच्या पंगतींत जेम्स क्रूझ यांच्या ‘द कव्हर्ड वॅगन’ला. यांतील पहिल्या चित्रांत चॅप्लिन नायक नाहीं, क्षणभर ओझरता दिसतो इतकेंच. त्यामुळें अमेरिकेंतील प्रेक्षकवर्ग निराश झाला होता. तें जपानांत पहिलें ठरावें, ही त्या तरुणांच्या रसिकतेची चांगलीच खूण होय. कला आणि करमणूक यांमधील ही भिंत मात्र फार दिवस टिकली नाहीं. १९२६ सालीं परदेशी चित्रांत पहिला क्रमांक मिळाला तो पुनः चॅप्लिन यांच्याच ‘द गोल्ड रश’ला, त्याला कोणत्या पंगतींत बसवावें असा प्रश्न कोणालाहि पडला असता! त्याच वर्षापासून जपानी चित्रांची स्वतंत्र यादी सुरू झाली.

अमेरिकेंत याच सुमारास निराळ्या रीती पडत होत्या. ‘फोटोप्ले’ मासिकानें १९२० सालच्या उत्तम चित्राला वाचकांच्या मतांनीं पदक देण्याचा उपक्रम केला, व पहिलें पदक फ्रँक बोर्झेगी यांच्या ‘ह्यूमरेस्क’ला मिळालें. १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ पत्रांत आयरीन थायरर या बाईंनीं चित्रांना चांदण्या देण्यास आरंभ केला. तीन चांदण्या म्हणजे उत्कृष्ट, एकहि नाहीं म्हणजे टाकाऊ. चांदण्यांत एक सोय आहे. हात सैल सोडला तर वर्षाकांठीं पन्नास चित्रांना तीन तीन चांदण्या देतां येतात. यादींत तशी उधळपट्टी चालत नाहीं. जागा दहाच, अकराव्याला दाराबाहेर उभें करावेंच लागतें, मग तो कितीहि जिवलग असो.

टोकियोच्या या निवडीस पुढें जी रीत पडली ती सोपी आहे. प्रत्येक परीक्षकानें आपले दहा चित्रपट क्रमानें लिहावयाचे. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असें उतरत दहाव्याला १. मग सर्वांची बेरीज. आतां या बेरजेंतली गंमत पाहण्यासारखी आहे. समजा, दहा परीक्षक बसले. एका शांत, सोज्वळ चित्राला दहाहि जणांनीं तिसरें स्थान दिलें. त्याचे गुण झाले ८०. दुसऱ्या एका चित्रानें पांच जणांना वेडावून सोडलें, त्यांनीं त्याला पहिलें स्थान दिलें. उरलेल्या पांचांना तें मुळींच रुचलें नाहीं. त्याचे गुण ५०. म्हणजे ज्यानें कोणाचीहि झोप उडविली नाहीं तो पुढें, आणि ज्यानें निम्म्या सभेची उडविली तो मागें! बेरजेचा हा स्वभावच आहे. म्हणून त्या पत्रानें प्रत्येक परीक्षकाची यादी त्याच्या नांवानिशीं छापण्याची जी पद्धत ठेवली, ती बेरजेपेक्षांहि मोलाची मानली पाहिजे. एकूण निकालांत जें बुजून जातें तें त्या एकेकट्या चिठ्ठींत जिवंत राहतें. कोणीतरी एकानेंच दिलेला दहावा क्रमांक आणि त्याचा एक गुण, हा कित्येक चित्रांचा सर्व जन्माचा सत्कार आहे.

जपानी चित्रांच्या दुसऱ्याच वर्षीं, १९२७ सालीं, इतो दाइसुके या दिग्दर्शकाच्या ‘चूजीची प्रवासवही’ या चित्रानें बाजी मारली. कुनिसादा चूजी हा एकोणिसाव्या शतकांतील एक जुगारी बंडखोर. लोककथांनीं त्याला गरिबांचा कैवारी करून सोडलें होतें. इतोनें त्याची कथा तीन भागांत सांगितली, व तिन्ही भाग त्याच वर्षीं पडद्यावर आले. दुसऱ्या भागाला पहिला क्रमांक मिळाला, तिसऱ्याला चौथा. ओकोची देन्जिरो या नटानें रंगविलेला हा चूजी विजयी वीर नव्हे. तो पळतो, दमतो, आणि शेवटीं अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळलेला असतांनाच पकडला जातो. तीं चित्रें मूक होतीं. पडद्याशेजारीं उभा राहून कथा सांगणारा ‘बेन्शी’ नांवाचा निवेदक त्यांना वाचा देई. या चित्रपटाचें पुढें काय झालें हें यथाकाल येईलच.

१९३० चा अग्रमान सुझुकी शिगेयोशी यांच्या ‘तिनें असें कां केलें?’ या चित्राला मिळाला. एका अनाथ मुलीला समाज दारोदार हिंडवितो, आणि अखेर ती प्रार्थनामंदिराला आग लावते, अशी ती कथा. हें चित्र पुढें नाहींसें झालें, व १९९० नंतरच्या दशकांत रशियांतील चित्रसंग्रहांत सांपडलें, तेंहि आरंभ आणि अंत तुटलेलें. ज्या आगीवरून चित्राला नांव पडलें ती आगच आज पडद्यावर दिसत नाहीं. १९३२, १९३३ आणि १९३४ अशीं लागोपाठ तीन वर्षें ओझु यासुजिरो यांनीं पहिला क्रमांक राखला, आणि १९३६ सालीं मिझोगुची केंजी यांच्या ‘गिओनच्या भगिनी’ या चित्रानें तो मिळविला. येथपर्यंत यादीला कोणी नांवें ठेवूं शकणार नाहीं.

पण यादी करणारे लोकहि आपल्या काळाचेच असतात. १९३८ चें पहिलें चित्र ‘पांच टेहळे’, चीनमधील युद्धाचें. १९४२ चें पहिलें चित्र ‘हवाई-मलाया समुद्रयुद्ध’, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या पहिल्या वर्षदिनाच्या सुमारास झळकलेलें. नंतर १९४३ ते १९४५ अशीं तीन वर्षें यादीच नाहीं. शहरें जळत होतीं. चित्रें निवडावयास ना कागद, ना उसंत. आणि पुनः आरंभ होतो तो १९४६ सालीं, किनोशिता केइसुके यांच्या ‘ओसोने घराण्याची सकाळ’ या चित्रानें. युद्धानें मुलें ओढून नेलेल्या एका विधवेची ती कथा. घरांत ठाण मांडून बसलेल्या, मुलांच्या लष्करी काकाला ती माउली शेवटीं बाहेरची वाट दाखविते. चार वर्षांपूर्वीं ज्या यादीच्या माथ्यावर आरमाराचा जयघोष होता, तिच्याच माथ्यावर आतां ही आई! यांत लाज होती, पश्चात्ताप होता, कीं बदललेल्या सत्तेकडे पाहून फिरविलेला पाठीचा रोख होता? प्रत्येकाच्या बाबतींत उत्तर निराळें असावें. यादी तें सांगत नाहीं. ती केवळ दोन नांवें एकाखालीं एक ठेवून गप्प बसते.

युद्धोत्तर याद्यांची थट्टा करणें आज फार सोपें झालें आहे. १९५० सालीं कुरोसावा अकिरा यांचा ‘राशोमोन’ पांचवा आला. पहिला आला इमाइ तादाशी यांचा ‘पुनः भेटेपर्यंत’. पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत ‘राशोमोन’ला सुवर्णसिंह मिळाला, आणि जगानें जपानी चित्रपटाकडे प्रथमच मान वळवून पाहिलें. १९५३ सालीं ओझूंची ‘टोकियो स्टोरी’ दुसरी, पुनः इमाइंच्याच एका चित्राच्या मागें. तीच ‘टोकियो स्टोरी’ २०१२ सालीं ब्रिटिश ‘साइट अँड साउंड’च्या पाहणींत जगांतील दिग्दर्शकांनीं सर्वश्रेष्ठ ठरविली. १९५४ ची यादी तर प्रसिद्धच आहे: कुरोसावांचे ‘सात सामुराई’ तिसरे, मिझोगुचींचा ‘सान्शो’ नववा. या दोन्ही चित्रांना त्याच वर्षीं व्हेनिस येथें रौप्यसिंह मिळाले होते.

तर मग १९५४ सालीं पहिला कोण होता? किनोशितांचा ‘चोवीस डोळे’. एका लहानशा बेटावरील शाळेंत एक तरुण शिक्षिका येते. तिच्या वर्गांत बारा मुलें, म्हणून डोळे चोवीस. वर्षें जातात, युद्ध येतें, मुलगे सैन्यांत जातात, त्यांतले कांहीं परत येत नाहींत, आणि बाई हजेरी घेतांना त्यांचीं नांवें आठवीत राहते. त्यावेळीं युद्ध संपून नऊच वर्षें झालीं होतीं. जे परीक्षक मत द्यावयास बसले त्यांच्यापैकीं कोणाच्या वर्गांतले किती डोळे मिटले होते, हें गुणांच्या रकान्यांत लिहिलेलें नाहीं. ‘सात सामुराई’ हें अधिक थोर चित्र आहे यांत शंका नको. परंतु त्या वर्षीं त्या देशांत तें तिसरें असणें ही चूक नव्हती. परदेशांतील परीक्षकांना ती हजेरी घ्यावयाची नव्हती.

भारतीय रसिकाला या कागदांत एक सुखद धक्का मिळतो तो १९६६ सालीं. त्या देशांत चित्र ज्या वर्षीं दाखविलें जाईल त्या वर्षाच्या यादींत त्याची गणना होते, मग तें कितीहि जुनें असो. सत्यजित राय यांचा १९५५ चा ‘पथेर पांचाली’ अकरा वर्षांनीं जपानांत पोंचला, ‘भूमीचें गीत’ अशा अर्थाचें नांव घेऊन. आणि ऑर्सन वेल्स यांचा १९४१ चा ‘सिटिझन केन’हि त्याच वर्षीं. ‘केन’ला १९६२ सालीं ‘साइट अँड साउंड’च्या पाहणींत सर्व जगांत पहिलें ठरविलेलें होतें. जपानी परीक्षकांनीं त्याला दुसरा क्रमांक दिला. पहिला दिला बंगालच्या खेड्यांतील अपू आणि दुर्गा यांना.

आतां चूजीची हकीकत. मूकपटांच्या प्रती थोड्या निघत. त्यांची फीत ज्वालाग्राही असे, आणि बोलपट आल्यावर तिला कोणी विचारीना. कांहीं आगींत गेलें, कांहीं बॉम्बखालीं, कांहीं निव्वळ हेळसांडीनें. ‘चूजीची प्रवासवही’ अशीच नष्ट झाली असें सर्वांनीं धरून चाललें होतें. १९५९ सालीं ‘किनेमा जुन्पो’नें जपानी चित्रपटाच्या साठ वर्षांतील सर्वोत्तम चित्रें निवडण्यास सांगितलें, तेव्हां पहिला क्रमांक आला याच हरवलेल्या चित्राचा. ‘राशोमोन’ डोळ्यांपुढें होता, ‘टोकियो स्टोरी’ होती; तरी मतें पडलीं तीं बत्तीस वर्षांपूर्वीं, तरुणपणीं पाहिलेल्या एका चित्राला, ज्याचा एक हात फीतहि दाखवितां आली नसती. म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून तरुणांनीं त्याची थट्टा केली असल्यास नवल नाहीं.

१९९१ सालीं हिरोशिमा येथें एका जुन्या प्रतीचा शोध लागला. तिच्यांत दुसऱ्या भागाचा कांहीं अंश आणि तिसऱ्याचा बराचसा भाग होता. अंथरुणाला खिळलेला चूजी चौसष्ट वर्षांनंतर पुनः पडद्यावर दिसूं लागला. पहिला भाग मात्र त्यांत नव्हता.