डेटाबेस सेशनच्या नावपट्टीची कुळकथा

डेटाबेसशी जोडणी झाल्यापासून ती तुटेपर्यंतचा कारभार म्हणजे सेशन. ओरॅकल डेटाबेस प्रत्येक सेशनला एक क्रमांक देतो. जुने सेशन संपल्यावर तोच क्रमांक नव्याला मिळू शकतो, म्हणून जोडीला एक अनुक्रमांकही असतो. यंत्राला एवढे पुरते. काम कोणाचे आणि कशाचे चालले आहे, हे मात्र त्यावरून उमगत नाही.

क्लायंट-सर्व्हरच्या काळात याची फारशी अडचण नव्हती. प्रोग्राम कर्मचाऱ्याच्या संगणकावरून थेट डेटाबेसला जोडला जाई. चालू सेशनांच्या यादीत संगणकाचे, प्रोग्रामचे आणि लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचे नाव दिसे, आणि माणूस सापडे.

मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरने ही ओळख पुसली. ओरॅकल ई-बिझनेस सूटमध्ये खरेदी, लेखा, भांडार अशा सगळ्या विभागांचे काम ‘ॲप्स’ या एकाच डेटाबेस खात्यातून चालते. वेबबरोबर मधला ॲप्लिकेशन सर्व्हर आला, आणि अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या तयार जोडण्यांचा साठा, म्हणजे कनेक्शन पूल आला. मग यादीत एकाच सर्व्हरचे नाव आणि ‘जेडीबीसी थिन क्लायंट’ हाच प्रोग्राम ओळीमागून ओळी दिसू लागला. एखादी क्वेरी सर्व्हर अडवून बसली, तरी ती कोणत्या पडद्यावरून निघाली ते सांगता येईना.

यावरची तोड ओरॅकल ७ च्या पिढीतच तयार झाली होती. ‘डीबीएमएस ॲप्लिकेशन इन्फो’ या पॅकेजमुळे प्रोग्रामला स्वतःच सेशनवर पट्टी लावता येऊ लागली: मोड्यूलसाठी ४८ बाइट, ॲक्शनसाठी ३२ आणि क्लायंट इन्फोसाठी ६४. मोड्यूलमध्ये ‘पगारपत्रक’ आणि ॲक्शनमध्ये ‘कर कपात’ लिहिले, की अडलेली पायरी नेमकी दिसते.

यातल्या क्लायंट इन्फोला वेगळेच काम लागले. ई-बिझनेस सूटच्या ११आय आवृत्तीत त्याच्या पहिल्या दहा जागांत कंपनीच्या शाखेचा क्रमांक ठेवला जाई आणि व्ह्यू त्यावरून नोंदी गाळत. जागा रिकामी राहिली, तर टेबलात नोंदी असूनही व्ह्यू रिकामाच येई. आवृत्ती १२ मध्ये ही जबाबदारी डेटाबेसच्या नोंदनिहाय सुरक्षा धोरणाकडे गेली.

पूलमागच्या माणसासाठी ओरॅकल ९आय मध्ये ‘क्लायंट आयडेंटिफायर’ आला. १०जी मध्ये त्याच ओळखीवरून किंवा मोड्यूल-ॲक्शनवरून ट्रेस, म्हणजे कामाची तपशीलवार नोंद, चालू करता येऊ लागला. एकाच वापरकर्त्याचे काम अनेक सेशनांत विखुरले असले तरी त्याचा माग एकत्र लावता आला.

इतरत्रही हीच गरज होती. २००६ च्या जावा ६ बरोबर आलेल्या जेडीबीसी ४.० या डेटाबेस-जोडणीच्या मानकाने क्लायंटची माहिती देण्याची सामाईक पद्धत ठरवली. २०१० च्या पोस्टग्रेएसक्यूएल ९.० मध्ये ‘ॲप्लिकेशन नेम’ आले, तर एसक्यूएल सर्व्हर २०१६ मध्ये ‘सेशन कॉन्टेक्स्ट’.

पूलमुळे एक शिस्त मात्र पाळावी लागते. कनेक्शन परत करताना पट्टी पुसली नाही, तर पुढच्याचे काम आधीच्याच्या नावावर दिसते. शिवाय ही पट्टी प्रोग्राम स्वतः लिहितो; डेटाबेस तिची शहानिशा करत नाही. म्हणून दोष शोधायला ती उत्तम, पण लेखापरीक्षणात एकटीच्या बळावर पुरावा म्हणून ती टिकत नाही.