सॅक्सोफोनचे पंक्तीतील पान

वाद्यांनाही कुळशील चिकटविणारी माणसे सर्वत्र असतात. बेल्जियमच्या आडोल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. हे वाद्य लष्करी बँडमध्ये रमले, पुढे जाझबरोबर नृत्यगृहांत गाजले. परंतु मोजक्या वादकांच्या चेंबर संगीतात, व्हायोलिन-पियानोच्या पंक्तीस, त्याचे पान क्वचितच मांडले जाई.

आंतोन वेबर्नने ते मांडले. १३ एप्रिल १९३१ रोजी व्हिएन्ना येथे त्याची चार वाद्यांची रचना प्रथम सादर झाली. रुडोल्फ कोलिशचे व्हायोलिन, एडुआर्ड स्टॉयरमानचा पियानो, जोडीला क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन. भाग दोनच, अवधी काही मिनिटांचा. पण तीत कोणी मुख्य नाही, कोणी साथीदार नाही. एकाने सोडलेला सूर दुसऱ्याने उचलावा, अशी ही बरोबरी.

सातच वर्षांनी, १९३८ मध्ये, नाझींनी ड्यूसेलडॉर्फ येथे ‘भ्रष्ट संगीता’चे प्रदर्शन भरविले. त्याच्या भित्तिपत्रकावर होता कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक, आणि त्याच्या अंगावर ज्यूंचा तारा! एकाच चित्रात दोन समाजांचा अवमान. वेबर्नचे संगीतही निषिद्ध ठरले. कोलिश व स्टॉयरमान यांना अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला.

ती रचना आजही वाजविली जाते. भित्तिपत्रकही जपलेले आहे, परंतु ते केवळ द्वेषाचा पुरावा म्हणून.