जाळ्यातले पाखरू

जालना औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराला समोरचा धोका दिसतो. नोकरी जाण्याची, मुलांच्या भवितव्याची धास्ती मात्र कुणालाच दिसत नाही. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, झोप उडते. मग घरातलेच कुणी म्हणते, ‘तुझी श्रद्धा कमी पडते.’ हे खरे आहे काय?

आपल्या मराठवाड्यात सेवा केलेल्या फ्रेंच मिशनरींचा संघ १८३८ साली फ्रान्समधील आनसी येथे स्थापन झाला, तो संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने. हे संत स्वतःच या व्यथेतून गेले होते. १५८६ च्या सुमारास, पॅरिसमध्ये शिकत असताना, आपला उद्धार होणारच नाही या भयाने त्यांना घेरले. अन्न गोड लागेना, झोप येईना, शरीर खंगले. सुमारे सहा आठवड्यांनी पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे त्यांनी निर्धार केला, की पुढे काहीही होवो, या जन्मी आपण देवावर प्रीती करणार. भविष्याची हमी मागणे सुटले आणि मन शांत झाले.

पुढे जिनिव्हाचे बिशप झाल्यावर, १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात त्यांनी लिहिले, की पाप वगळता आत्म्याला अस्वस्थतेइतके घातक काही नाही. म्हणजे अस्वस्थता आणि पाप या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या. जाळ्यात सापडलेले पाखरू जितके फडफडते तितके गुरफटते. म्हणून आधी मन स्थिर करावे, मग सावकाश उपाय योजावा, आणि आपली व्यथा आध्यात्मिक मार्गदर्शकाला किंवा विश्वासू मित्राला सांगावी, हा त्यांचा उपदेश.

विज्ञानाने पुढे याचे शारीरिक अंगही उलगडले. भय वाटताच अ‍ॅड्रेनलिन स्रवून शरीर झुंजीस वा पलायनास सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली मांडले. धडधड ही शरीराची राखण आहे, अश्रद्धा नव्हे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते, की ‘असे झालेच पाहिजे’ हा अट्टहास मनाला पोळतो. पॅरिसमधल्या त्या तरुणाने सोडला तो असाच एक अट्टहास!

धास्ती दिवसेंदिवस टिकून राहिली, कामधंदा अडू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाची २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. जपमाळ जरूर हाती घ्यावी. परंतु घरातील घाबरलेल्या माणसाला दोष न देता त्याचे ऐकून घेणे, हीही प्रार्थनाच होय.