दर शेकडा पाच : ऑक्टेव्हिया हिलबाईंचा घरव्यवहार

गरिबांच्या घरांत गुंतविलेला पैसा बुडतो, अशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमधील धनिकांची ठाम समजूत होती. काही कंपन्या मजुरांसाठी म्हणून नव्या इमारती उठवीत खऱ्या, परंतु त्यांतील खोल्या नियमित पगाराच्या कारागिरांच्याच वाट्यास येत. आज काम आहे तर उद्या नाही, अशा माणसाला तेथे थारा नसे. तो पडक्या घरातील एका खोलीत बायकामुलांसह राही, आणि त्याच्याकडून आठवड्याचे भाडे जमेल तसे उकळणे एवढाच घरमालकाचा त्याच्याशी संबंध असे. ही समजूत व्याख्याने देऊन नव्हे, तर जमाखर्चाच्या वहीने खोटी ठरविली ती एका अविवाहित शिक्षिकेने. तिचे नाव ऑक्टेव्हिया हिल.

हिलबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी विस्बीच या गावी झाला. वडील जेम्स हिल धान्याचे व्यापारी व पेढीवाले होते. १८४० साली त्यांचे दिवाळे निघाले. पैसा हातातून गेला की घर कसे मोडते, हे या मुलीला फार लहानपणी कळले. आईचे वडील डॉ. साउथवुड स्मिथ हे सार्वजनिक आरोग्याचे नामांकित पुरस्कर्ते. त्यांनी लेकीला आधार दिला, आणि गलिच्छ वस्ती व रोगराई यांचे नाते नातीच्या कानावर पडले तेही त्यांच्याच घरी. १८५२ साली हे कुटुंब लंडनला आले. तेथे एका संस्थेत अत्यंत गरीब मुली बाहुल्यांच्या घराचे सामान बनवीत. त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम ऑक्टेव्हियाकडे आले. त्या वेळी तिचे वय अवघे तेरा-चौदा वर्षांचे! मुली गैरहजर राहिल्या की ती त्यांच्या घरी जाई, आणि घरे पाहून परत येई ती अस्वस्थ होऊन.

प्रसिद्ध कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्यासाठी ती चित्रांच्या प्रतिकृती करून देत असे. १८६४ साली रस्किनचे वडील वारले आणि मोठी संपत्ती त्यांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी त्यांनी मेरिलबोन भागातील पॅरडाइज प्लेस येथील तीन घरांचे भाडेपट्टे ७५० पौंडांना विकत घेऊन तिच्या स्वाधीन केले. मात्र या भांडवलावर दरसाल दर शेकडा ५ प्रमाणे व्याज सुटले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. हा रस्किनचा लोभ नव्हता. दानाचे अनुकरण थोडे लोक करतात, फायद्याचे पुष्कळ करतात, हे त्यांना ठाऊक होते.

पॅरडाइज म्हणजे नंदनवन. त्या नंदनवनात जिने काळोखे होते. कठड्यांची लाकडे भाडेकरूंनी सरपणासाठी जाळून टाकली होती. भिंतींचा गिलावा गळत होता, आणि एका जिन्यावर छपरातून गळणारे पाणी धरण्यासाठी बादली ठेवलेली होती. ज्यांनी मुंबईतील जुन्या चाळींचे जिने चढले आहेत, त्यांना हे वर्णन परके वाटू नये.

हिलबाईंनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. घरमालकाच्या उत्पन्नाला गळती लागते ती थकलेल्या भाड्याने, रिकाम्या पडलेल्या खोल्यांनी आणि मोडतोडीने. ही सारी तूट भरून काढावयाची म्हणून तो भाडे चढवितो. चढलेले भाडे अधिकच थकते, आणि दुरुस्तीला पैसा उरत नाही. हे चक्र त्यांनी दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन मोडले. भाडे ठरल्या दिवशी मिळालेच पाहिजे, नाहीतर खोली सोडण्याची नोटीस, येथे दयामाया नाही. पण मालकीणही आपल्या बाजूने तितकीच बांधलेली. प्रथम गटारे आणि पाणी, मग छपरे. जिने व बोळ हे मालकाच्या ताब्यातले, म्हणून ते झाडून धुऊन घेण्याचे काम त्यांनी भाडेकरूंच्याच मोठ्या मुलींना मजुरी देऊन सांगितले. दुरुस्तीची पुष्कळशी कामे मंदीच्या दिवसांसाठी राखून ठेविली, म्हणजे बेकार झालेल्या भाडेकरूला चार दिवसांची मजुरी मिळे आणि त्याचे भाडे थकत नसे.

सगळ्यांत चतुर युक्ती दुरुस्तीच्या रकमेची. प्रत्येक घरामागे वर्षाला एक ठरीव रक्कम त्यासाठी बाजूला काढलेली असे. मोडतोड कमी झाली तर उरलेल्या पैशांतून कोणती सोय करून घ्यावयाची, हे भाडेकरूंनीच ठरवावयाचे. तावदान फुटले तर नुकसान कोणाचे, हे मग कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

दीड वर्षाने हिशेब झाला. सर्व भांडवलावर शेकडा ५ व्याज दिले गेले होते आणि मुदलापैकी ४८ पौंड फिटले होते. पूर्वी एका खोलीला जे भाडे पडे, त्याहून थोडेच अधिक देऊन कुटुंबे दोन खोल्यांत राहू लागली होती.

यानंतर पैसेवाले आपण होऊन येऊ लागले. १८७४ पर्यंत अशा १५ वसाहती व सुमारे ३,००० भाडेकरू हिलबाईंच्या देखरेखीखाली आले. १८८४ साली इंग्लंडच्या धर्मसंस्थेच्या मिळकती सांभाळणाऱ्या कमिशनरांनी सदर्क भागातील आपली घरे त्यांच्याकडे सोपविण्यास सुरुवात केली. एवढा पसारा एका हाताने आवरणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी स्त्रियांना शिकवून तयार केले. नुसता कनवाळूपणा त्यांना चालत नसे. वही चोख पाहिजे, नळ कोठे गळतो ते कळले पाहिजे. त्यांच्या हाताखाली वाढलेल्या एमा कॉन्स यांनी १८७९ साली दक्षिण लंडनमध्ये स्वतःची घरबांधणी कंपनी काढली. आम्स्टरडॅमची योहाना तेर मेउलेन त्यांच्याकडे शिकून गेली, आणि फिलाडेल्फियात १८९६ साली त्यांच्या नावाची संस्था निघाली.

सरकारचा मान मात्र अडखळतच आला. १८८४ साली मजुरांच्या घरांविषयी रॉयल कमिशन नेमले गेले, तेव्हा त्यावर हिलबाईंचे नाव सुचविले गेले होते. गृहमंत्री हारकोर्ट यांनी हरकत घेतली. कारण एवढेच की त्या स्त्री होत्या. ज्या विषयात त्यांच्याएवढा अनुभव त्या मंडळावरील कोणासही नव्हता, त्या विषयावर त्यांना साक्षीदार म्हणून पुढे यावे लागले. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण त्यांना स्वतःच्या कर्तृत्वावर मिळाले. असा मान आणखी दोघींनाच होता, फ्लॉरेन्स नाइटिंगेल व जोसेफिन बटलर यांना. रॉयल कमिशनवरील जागा त्यांना १९०५ साली मिळाली, तीही गरिबांच्या कायद्यासंबंधीच्या.

त्यांच्या मतांत हेकटपणाही होता. १८७७ साली त्यांचे रस्किनशी बिनसले आणि रस्किनने तो कलह छापून जगापुढे मांडला. त्यात दोष रस्किनकडे अधिक जातो. परंतु नगरपालिकांनी घरे बांधण्यास त्यांनी केलेला विरोध समर्थनीय वाटत नाही. ज्याला आठवड्याचे भाडेच जमत नाही, त्याला शेकडा पाचच्या वहीत जागा नव्हती, आणि अशांची लंडनमध्ये गर्दी होती. पूर्व लंडनमधील एका इमारतीत याच पद्धतीने भाडेवसुली केलेल्या बिअट्रिस पॉटर, पुढे ज्या वेब झाल्या, त्यांनी ही मर्यादा ओळखली. १९०५ च्या कमिशनवर दोघी एकत्र बसल्या आणि १९०९ साली वेगवेगळ्या अहवालांवर सह्या करून उठल्या. विशेष म्हणजे जिने शेकडो स्त्रियांना हिशेब, कायदा व बांधकाम यांत पाय रोवावयास शिकविले, तिने स्त्रियांच्या मताधिकारास मात्र विरोध केला!

१३ ऑगस्ट १९१२ रोजी हिलबाई वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याची तयारी होती. पण त्यांनी आधीच सांगून ठेविल्याप्रमाणे केंट परगण्यातील क्रॉकम हिल येथे त्यांना ठेवण्यात आले. चार वर्षांनी, १९१६ साली, त्यांच्या परंपरेतील स्त्रियांनी घरव्यवस्थापनाचा व्यवसाय करणाऱ्यांची संघटना स्थापन केली. तिचे सभासदत्व फक्त स्त्रियांना होते. पुरुषांना आत घेण्याचे तिने १९४८ साली ठरविले.