कुलाब्याची वही आणि दहा मिनिटांचा अलर्ट

आजची गोष्ट सूर्याची असली तरी सुरू होते मुंबईच्या कुलाब्यात. तारीख २ सप्टेंबर १८५९. कुलाबा वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं जायचं, तेही हाताने. माणूस यंत्रातला आकडा वाचायचा आणि लिहून ठेवायचा. त्या दिवशी हा आकडा एकदम सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्याच्या डागांपाशी पांढरा लखलखाट दिसला होता. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांत सौरवादळ पृथ्वीवर धडकलं. अमेरिकेत बॉस्टन-पोर्टलंड लाइनवर तारवाल्यांनी चक्क बॅटऱ्या काढून, वादळामुळे तारेत आलेल्या विजेवर संदेश पाठवले! कुलाब्याच्या त्या नोंदी मात्र कित्येक दशकं पडून होत्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर पेपर लिहिला, तेव्हा जगाला त्यांची किंमत कळली.

१८५९ मध्ये पणाला लागल्या होत्या फक्त तारा. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज साधारण ९० सेकंदांत गेली. ६० लाख लोक, नऊ तास अंधार.

तेव्हा आधी सांगणारं कोणी नव्हतं का? होतं ना! पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर एल-वन नावाची जागा आहे. तिथे यान थोड्या इंधनात टिकून राहतं. आयएसईई-३ हे यान १९७८ मध्येच तिथे पोचलं होतं. पण १९८२ मध्ये त्याला धूमकेतूच्या मागे पाठवलं. (धूमकेतू गाठलाही, पण पहारेकरीच फिरायला गेला त्याचं काय?) पुढे १९९७ मध्ये एस आणि २०१५ मध्ये डिस्कव्हर ही यानं निघाली, आणि एल-वनवरून लाइव्ह डेटा यायला लागला.

आता खरी अडचण. सूर्यावरून वादळ निघालं हे दुर्बिणींना दिसतं, म्हणजे एखाद-दोन दिवस आधी अंदाज येतो. पण ते किती झोडपणार हे त्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. ती दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राचं दार उघडल्यासारखं होतं. आणि ही दिशा वादळ यानाच्या अंगावरून गेल्यावरच खात्रीने कळते.

मग वेळ किती मिळतो? सेकंदाला ५०० किलोमीटरने येणारं वादळ एल-वनपासून पृथ्वीपर्यंत ५० मिनिटं घेतं. कॅरिंग्टनच्या वादळाचा सरासरी वेग धरून मी गणित केलं, तर उत्तर आलं दहा मिनिटांच्या आसपास. ग्रिडवरचा लोड कमी करणं, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या लाइन परत जोडणं, सगळं तेवढ्यात उरकायचं. आपल्याकडे ओटीपीसुद्धा कधी कधी याहून उशिरा येतो!

यान सूर्याच्या आणखी जवळ नेलं तर जास्त वेळ मिळेल, पण तिथे ते एल-वनसारखं सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये टिकत नाही. म्हणून सगळे एल-वनवरच गर्दी करतात. आपलं आदित्य-एल१ सुद्धा तिथेच आहे. त्यावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली, आणि चुंबकीय क्षेत्र मोजायला मॅग नावाचं यंत्रही आहे. ते यान उडालं २ सप्टेंबर २०२३ ला. तारीख बघितलीत?

आणि कुलाब्याचं काय झालं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. ती तिथे अजून चालू आहे.