अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस

मद्यासक्तीतून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीपुरुषांची परस्परसाहाय्य संघटना. नावाचा शब्दशः अर्थ ‘अनाम मद्यासक्त’ असा आहे. तिची स्थापना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲक्रन (ओहायओ राज्य) येथे १९३५ मध्ये झाली. मद्यपान थांबविण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असून वर्गणी वा शुल्क आकारले जात नाही.

पूर्वपीठिका : मद्यपींनीच मद्यपींना साहाय्य करण्याचा मोठा प्रयत्न बॉल्टिमोर येथे १८४० मध्ये सहा मद्यपींनी सुरू केलेल्या वॉशिंग्टोनियन चळवळीने केला. जाहीर सभांतून स्वानुभव सांगण्याची तिची पद्धत अल्पावधीत लोकप्रिय झाली. परंतु मद्यनिषेधाच्या कायद्यासारख्या वादांत गुंतल्यामुळे काही वर्षांतच ती ओसरली. १९२०–३३ या काळातील अमेरिकेतील मद्यबंदीनेही मद्यासक्तांचा प्रश्न सुटला नाही. मद्यासक्ती हा इच्छाशक्तीचा किंवा नीतीचा दोष होय, ही समजूत रूढ होती आणि रुग्णालये अशा रुग्णांना सहसा दाखल करून घेत नसत.

स्थापना : न्यूयॉर्क येथील रोखेबाजारातील व्यावसायिक विल्यम विल्सन (१८९५–१९७१) याने डिसेंबर १९३४ मध्ये टाउन्स रुग्णालयातील उपचारांनंतर मद्य सोडले. फ्रँक बुकमन याच्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीचा त्याच्यावर प्रभाव होता. मे १९३५ मध्ये व्यवसायानिमित्त ॲक्रन येथे गेला असता अपयशामुळे त्याला पुन्हा मद्याचा मोह होऊ लागला. तेव्हा त्याने हॉटेलमधून स्थानिक धर्मोपदेशकांना दूरध्वनी करून एखाद्या मद्यासक्ताची गाठ घालून देण्याची विनंती केली. त्यातून शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ (१८७९–१९५०) यांची भेट घडली. दुसऱ्या मद्यासक्ताशी बोलल्याने बोलणाराही सावरतो, हा या भेटीतून आलेला अनुभव हेच संघटनेचे मूलतत्त्व ठरले. डॉ. स्मिथ यांनी ज्या दिवशी कायमचे मद्य सोडले, तो १० जून १९३५ हा स्थापनादिन मानला जातो.

प्रसार : प्रारंभी बैठका सदस्यांच्या घरी भरत व त्यांची माहिती ओळखीतूनच मिळे. १९३९ मध्ये संघटनेच्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आत्मपरीक्षण, चुकांची भरपाई, इतरांना साहाय्य इत्यादींचा क्रम सांगणाऱ्या ‘बारा पायऱ्या’ दिल्या होत्या. मार्च १९४१ मध्ये सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकातील लेखामुळे हजारो पत्रे आली आणि वर्षभरात सदस्यसंख्या सु. २,००० वरून सु. ८,००० पर्यंत गेली. सदस्यांची नावे गुप्त ठेवायची, तरी गरजूला गट सापडला पाहिजे, अशी दुहेरी अडचण यातून उभी राहिली. टपालपेटी, दूरध्वनी आणि वेळापत्रक संस्थेच्या नावाने जाहीर करून व व्यक्तींची नावे वृत्तपत्रांपासून दूर ठेवून ती सोडविण्यात आली. १९५० मधील क्लीव्हलँड येथील अधिवेशनात ‘बारा परंपरा’ स्वीकारण्यात आल्या. बाहेरच्या देणग्या न घेणे आणि सार्वजनिक वादांत मत न देणे हे त्यांतील प्रमुख नियम होत. वॉशिंग्टोनियन चळवळीला भोवलेला धोका त्यामुळे टळला.

बैठकीचे स्वरूप : ‘बंद’ बैठका केवळ मद्यासक्तांसाठी असतात, तर ‘खुल्या’ बैठकांस कुटुंबीय व इतरही येऊ शकतात. सदस्य आपले पहिले नाव सांगून अनुभव कथन करतात. त्यावर उलटतपासणी वा उपदेश होत नाही. नवागताने बोललेच पाहिजे, असे बंधन नसते. आयुष्यभराच्या प्रतिज्ञेऐवजी केवळ आजचा दिवस मद्याविना घालविण्यावर भर असतो. अनुभवी सदस्य नवागताचा मार्गदर्शक (स्पॉन्सर) होतो. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली.

भारतातील कार्य : भारतात संघटनेचे कार्य १९५७ च्या सुमारास सुरू झाले आणि मुंबई हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. त्या वेळी मुंबई राज्यात १९४९ चा मद्यनिषेध कायदा लागू होता. परवान्याविना मद्यपान हा गुन्हा असल्याने निनावीपणाचे महत्त्व साहजिकच अधिक होते. पुणे येथे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारोत्तर गटबैठकांना महत्त्व दिले. २०२० मधील कोरोना साथीत अनेक गटांनी दूरदृश्य बैठकांचा अवलंब केला.

मूल्यमापन : पायऱ्यांतील ईश्वरविषयक भाषा अनेकांना खटकते. विमेन फॉर सोब्रायटी (१९७५), स्मार्ट रिकव्हरी (१९९४) इ. पर्यायी संघटना त्यामुळे निघाल्या. सदस्य निनावी असल्याने परिणामांचे मोजमापही दीर्घकाळ कठीण ठरले. तथापि २०२० मधील कॉक्रन समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. रुग्णांना या गटांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार संपूर्ण मद्यवर्जन टिकविण्यात बोधात्मक वर्तनोपचारासारख्या पद्धतींपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचे तीत आढळले. मात्र मद्य एकाएकी सोडल्याने दीर्घकालीन मद्यासक्तास झटके वा भ्रम होऊन प्राणासही धोका पोहोचू शकतो. त्यामुळे गटबैठक ही वैद्यकीय उपचारांना पूरक असून त्यांची जागा ती घेऊ शकत नाही.