घरातला ‘चार्जरचा खण’ आवरायचाय? सुरुवात वायरींपासून करू नका

आमच्या विरारच्या घरात टीव्हीखाली एक खण आहे. बंद पडलेले फोन, गुंता झालेल्या वायरी, कुठल्या तरी राऊटरचा अ‍ॅडॅप्टर, जुनी सिमकार्डं, सगळं “लागेल कधीतरी” म्हणून ठेवलेलं. तुमच्याकडेही असेलच. गेल्या मे महिन्यात तो खण उघडेचना. जोर लावून ओढला, तर आईच्या जुन्या फोनचं मागचं झाकण फुगून वर आलेलं. नशीब, मी अजून जोर लावला नाही!

म्हणून माझा क्रम असा: आधी बॅटरी, मग डेटा, वायरी शेवटी.

लिथियम-आयन बॅटरीच्या आतलं रसायन हळूहळू विघटित होतं, वायू तयार होतो आणि तिचं पाकीट फुगतं. उष्णतेत हे लवकर होतं. असा फोन दाबू नका, टोचू नका, आणि “चालतोय का बघू” म्हणून चार्जिंगला तर अजिबात लावू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आणि डबा गादी-पडद्यांपासून लांब असू द्या. सीआर२०३२ सारख्या बटण सेलना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. लहान मुलाने असा सेल गिळला तर जिवावर बेतू शकतं. जो फोन चांगला आहे आणि ठेवायचाच आहे, तो साधारण ५० टक्के चार्ज करून बंद करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

आता डेटा. आईच्या त्या फोनमध्ये आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. बॅटरी फुगली म्हणजे डेटा गेला असं नाही, स्टोरेजची चिप वेगळी असते. मी स्वतः उघडायच्या भानगडीत पडलो नाही. दुरुस्तीवाल्याने नवीन बॅटरी बसवली, फोन सुरू झाला, आईला पॅटर्न आठवला (तिसऱ्या प्रयत्नात) आणि सगळं कॉपी झालं. फोन देऊन टाकायचा असेल तर आधी त्यातून गूगल अकाउंट काढा, मगच फॅक्टरी रिसेट करा. नाहीतर रिसेटनंतरही फोन जुना पासवर्ड मागत बसतो.

सिमकार्डं फेकण्याआधी बघा, तो नंबर बँकेला जोडलेला आहे का? ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे. तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर कळतं.

वायरींचं सोपं आहे. फोन लॅपटॉपला जोडून बघा. नुसताच चार्ज झाला आणि फाइल्स दिसल्या नाहीत, तर ती बहुधा फक्त चार्जिंगची केबल. गोल पिनच्या अ‍ॅडॅप्टरना मात्र जपा. पिन तीच असली तरी एक १२ व्होल्टचा, दुसरा ५ चा असू शकतो. चुकीचा लावलात तर उपकरण जळेल. कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर ‘राऊटर, १२ व्होल्ट’ असं लिहून ठेवा.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो. ठेवायच्या वस्तू झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. तळमजल्यावर राहत असाल तर खण वरचा निवडा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार तुंबलं ते आठवत असेलच. पुरात भिजलेला फोन किंवा पॉवर बँक सुकली तरी चार्ज करू नका.

उरलेलं भंगारवाल्याला देऊ नका, तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे फोन कंपनीच्या वेबसाइटवर जवळचं संकलन केंद्र शोधा. फुगलेली बॅटरी असेल तर नेण्याआधी फोन करून तसं सांगा.